भिंगरीच्या सांगाड्यात माझं इंजिन

'मी करतो' हे शब्द तोंडातून काढायची मला सवय नाही. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ती नसतेच. आमच्याकडे 'बघू', 'वर पाठवलंय', 'साहेब रजेवर आहेत' अशी सुरक्षित भाषा चालते. तरीही त्या संध्याकाळी ते शब्द माझ्या तोंडून निसटले, आणि निसटले ते थेट मोटरसायकलच्या इंजिनाबद्दल. ऐकून बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

झालं होतं असं. आमची मुलगी डर्ट बाइक चालवते. ज्या गाडीला दिवा नाही, आरसा नाही, मागे बसायला जागा नाही आणि जिच्यामुळे आईबापांच्या जिवाला स्वस्थता नाही, अशा गाडीला डर्ट बाइक म्हणतात. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण पाळण्यात असल्यापासून ती एका जागी ठरलेली नाही. येत्या रविवारी टेकडीवर शर्यत होती. पहिल्या तिघांत आली तर संघात निवड, नाही तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या गाडीचं इंजिन जाम झालं. पिस्टन आत असा काही रुतून बसला की मेकॅनिकनं किक मारून पाहिली तर किकच वाकली.

मेकॅनिक म्हणाला, "हे संपलं. दुसरं टू-स्ट्रोक इंजिन आणा आणि या चासीत, म्हणजे सांगाड्यात, बसवा. काम एका दुपारचं आहे. पण मी चाललो सासुरवाडीला, मेव्हणीचं लग्न आहे."

भिंगरीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. रविवारची रजा मिळावी म्हणून ती कुरियरच्या ऑफिसात आठवडाभर जादा पाळ्या करत होती. स्वतः काम करायला तिला वेळ नव्हता. "जाऊ दे बाबा, नशीब," असं म्हणून ती हात धुवायला गेली. माझ्या मुलीच्या तोंडी 'नशीब' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला राहवलं नाही.

"मी करतो," मी म्हणालो.

"काय करता?" बायको म्हणाली.

"इंजिन बसवतो. जिन्याखाली माझी गाडी आहे ना, तिचं काढतो आणि हिच्या गाडीत बसवतो."

आता झाकण का पडलं ते कळेल. जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली माझी टू-स्ट्रोक मोटरसायकल हा आमच्या घरातला जुना वाद आहे. भंगारवाल्यानं एकदा नुसती तिच्याकडे नजर टाकली म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो. लग्नानंतर आम्ही दोघं जिथे जिथे गेलो ते तिच्यावरूनच. पुढे तिची चाकं आणि चेन गेली, इंजिन तेवढं शाबूत राहिलं, पण मला ती विकवत नव्हती. दर रविवारी ताडपत्री उचलून मी तिला पुसायचो आणि पुन्हा झाकायचो.

बायकोनं पडलेलं झाकण उचललं. मग म्हणाली, "तुम्हाला बल्ब बदलता येत नाही हो."

हे खरं नाही. बल्ब मला बदलता येतो, स्टुलावर चढता येत नाही. पण त्या प्रसंगी हा फरक समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि जिन्याखाली पाने मांडून बसलो. मी पहिला बोल्ट सोडवायच्या आतच इमारतीत बातमी पोचली आणि कर्नल खाली आले. कर्नल कधीही सैन्यात नव्हते. ते पोस्टातून निवृत्त झालेत. पण मिशा आणि हुकूम या दोन गोष्टींमुळे त्यांना सगळे कर्नल म्हणतात आणि हळूहळू त्यांचाही तसाच समज झाला आहे.

"आधी आघाडी निश्चित करा," कर्नल म्हणाले. "कोणता बोल्ट?"

"हा."

"हा नको. तो घ्या."

'तो' बोल्ट घेतला आणि इंजिनातलं सगळं जुनं तेल माझ्या मांडीवर आलं. माझ्याच गाडीनं, जिला मी इतकं जपलं, तिनं माझ्या अंगावर असं करावं याचा मला जबर धक्का बसला. कर्नल दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "शत्रूनं मोर्चा सोडला. शाबास!"

इंजिन बाहेर निघालं तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. रिकामा सांगाडा जिन्याखाली तसाच उभा होता आणि त्याच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती. मी त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि इंजिन घेऊन वर आलो. भिंगरीची गाडी आम्ही आधीच गॅलरीत चढवून ठेवली होती; बायकोनं तिच्या शेजारी जुनी चादर अंथरून दिली. त्या दिवशी तिनं मला पुन्हा बल्बाची आठवण करून दिली नाही.

आता पुढचा धक्का. माझं इंजिन भिंगरीच्या सांगाड्यात ठेवलं तर ते बसेना. इंजिनाची भोकं एकीकडे आणि सांगाड्याची दुसरीकडे. दोघांना जोडायला मधे लोखंडी पट्ट्या हव्या होत्या, आणि त्या कापायला माप हवं होतं. कर्नलनी ताबडतोब मापाच्या कामासाठी तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांना पाचारण केलं. युक्तिवाद बिनतोड होता. आमच्या साऱ्या इमारतीत ज्याच्या गळ्यात कायम टेप असते असा तोच एक माणूस.

मास्तर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि ते इंजिनाभोवती एकदा फिरले. "उभे राहा सरळ," असं ते सवयीनं म्हणाले आणि मग स्वतःच हसले. त्यांनी इतकी काळजीपूर्वक मापं घेतली की बघताना मला भरून आलं. छाती, कंबर, उंची असं ते पुटपुटत होते आणि मी आकडे लिहीत होतो. ते आकडे वेल्डरकडे गेले. पट्ट्या आल्या. आम्ही इंजिन बसवलं, बोल्ट आवळले आणि मी हात लावून बघितलं तर इंजिन सांगाड्यात खुळखुळत होतं. चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट होती.

मी धावत खाली गेलो. "मास्तर, माप चुकलं!"

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. उभ्या आयुष्यात त्यांना हे वाक्य कुणी ऐकवलं नसावं. वर येऊन त्यांनी फटीत बोट घालून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "चुकलं कुठे? अगदी ठेवलंय तेवढंच आहे."

"ठेवलंय म्हणजे?"

"थोडं सैल ठेवलंय साहेब. बसता-उठता काचायला नको. शिवाय वाढतं अंग."

मी पाना खाली ठेवला. "मास्तर, इंजिन वाढत नाही हो!"

"आज नाही वाढत," मास्तर शांतपणे म्हणाले. "लोकं घट्ट शिवून नेतात आणि वर्षानं माझ्याच दारात येतात."

कर्नल मधे पडले आणि मास्तरांची बाजू घेऊ लागले. त्यांचा कोट मास्तरांनीच शिवलेला आहे आणि त्यात अजून एक कर्नल मावेल. शेवटी ठरलं की पट्ट्या 'आल्टर' करायच्या. मास्तरांनी त्यावर खडूनं खुणा केल्या, वेल्डरनं खुणेवर कापलं आणि इंजिन एकदाचं घट्ट बसलं. मास्तर मात्र जाताना म्हणाले, "मला तर काचतंय असं वाटतं."

हे होईपर्यंत बुधवार उलटला होता आणि तेव्हा भिंगरीला आठवलं की शर्यतीच्या समितीला कागदोपत्री नवं इंजिन दाखवावं लागतं. त्यासाठी वाहन नोंदणीच्या कार्यालयात जायला हवं. मी निर्धास्त होतो. कार्यालय म्हटलं की माझं माहेरच. खिडकीवरच्या माणसाला मी आपुलकीनं सांगितलं की मीही खिडकीवरच असतो. त्यानं वर पाहिलं नाही.

"इंजिन बदललं म्हणता," तो म्हणाला. "आधीचं कुठाय?"

"जाम झालंय. घरी आहे."

"ते जाम झालंय हे आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगतोय ना."

"तुम्ही काय, सांगालच. आणून दाखवा."

एवढी वर्षं मी लोकांना परत पाठवत आलोय, पण बंद पडलेला नळ उपटून आणून दाखवा, असं मला कधी सुचलं नव्हतं. समोर बसला होता तो आमच्या धंद्यातला खरा उस्ताद.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी आणि कर्नल ते मेलेलं इंजिन कपड्यांच्या बादलीत घालून बसनं निघालो. बादलीची कडी एका बाजूनं मी धरली होती, दुसऱ्या बाजूनं कर्नलनी. बसमध्ये एका बाईंनी "काय हो हे?" असं विचारलं आणि कर्नलनी "जखमी आहे" असं उत्तर दिल्यावर त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या. कार्यालयात रांगेत बादली पुढे सरकवत सरकवत आम्ही खिडकीपाशी पोचलो. मी इंजिन उचलून खिडकीच्या फळीवर ठेवलं. खिडकीवाल्यानं पेनच्या मागच्या टोकानं त्याला एकदा टोचलं.

"आहे जाम," तो म्हणाला आणि शिक्का मारला. "न्या."

टोचून कसं कळलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी दुपारी इंजिन सुरू झालं. गॅलरीत, स्टँडवर. गिअर टाकायला कर्नलनी इमारतीच्या हितासाठी मनाई केली होती, त्यामुळे नुसतंच सुरू केलं. टू-स्ट्रोकचा तो फटफट आवाज आणि निळा धूर! वरच्या मजल्यावरून कुणीतरी "आग, आग" म्हणून ओरडलं, खालून मास्तर "कापडं आत घ्या" म्हणून ओरडले. मला मात्र तो वास नाकात गेल्यावर माझं सगळं तरुणपण आठवलं. बायकोही पदर नाकाला लावून दारात उभी होती आणि चक्क हसत होती. भिंगरी संध्याकाळी कामावरून आली, गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच केलंत." तिलाही धक्का बसलेला होता, पण तो चांगला धक्का होता. असा धक्का मी आजवर कुणालाच दिला नव्हता.

रविवारी टेकडीखालच्या मैदानावर आम्ही सगळे गेलो. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी असते. तपासनीस म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक किडकिडीत गृहस्थ. त्यानं सांगाड्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, पट्ट्यांवरच्या खडूच्या खुणांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बांधली कुणी?"

"मी," मी म्हणालो. इतका रुबाबदार 'मी' माझ्या तोंडून पूर्वी कधी गेला नव्हता.

"मग बसा."

"कोण, मी?"

"इथली रीतच आहे. जो बांधतो तो आधी बसतो. थोडी चालवून दाखवा, मग मुलीला देतो."

रीत अतिशय योग्य होती. फक्त ती मला आधी माहीत असायला हवी होती. मी गाडीवर चढलो. भिंगरी कानात म्हणाली, "बाबा, किक जोरात मारा हं. अर्धवट मारू नका." पण एवढ्या लोकांसमोर तंगडी झाडायची म्हणजे कसंसंच वाटतं. मी एक सभ्य, बेताची किक मारली. इंजिन शिंकलं, अडखळलं आणि सुरू झालं. टाळ्या पडल्या. मी पहिला गिअर टाकला, मान ताठ केली, नजर समोर ठेवली आणि क्लच सोडला.

समोर बायको, भिंगरी, कर्नल आणि तपासनीस उभे होते. ते लहान होऊ लागले. आधी मला वाटलं, डोळ्यांत काही तरी झालं. मग कर्नलच्या मिशा दिसेनाशा झाल्या, बायको हात हलवताना दिसली आणि मग माझ्या पाठीला आधी एक तंबू लागला, नंतर एक टेबल लागलं. गाडी बंद पडली तेव्हा मी बक्षिसांच्या टेबलाच्या जागी होतो आणि पहिल्या क्रमांकाचा चषक माझ्या मांडीवर होता.

"पहिल्या गिअरमध्ये मागे?" मी ओरडलो. "पहिल्या गिअरमध्ये माणूस मागे कसा जातो?"

तपासनीस धापा टाकत आला. "जुनं टू-स्ट्रोक आहे. किक अर्धवट मारली की कधी कधी उलटं फिरायला लागतं. त्याला पुढे काय आणि मागे काय, कळत नाही."

ज्या गाडीवर मी संसार थाटला तिच्या इंजिनाला पुढे-मागे कळत नाही, हे ऐकून माझं डोकंच चालेना. मला सगळ्यात मोठी भीती भिंगरीची वाटत होती. आता गाडी बाद, निवड बाद, आणि ती माझ्या बेताच्या किकमुळे. मी तिच्याकडे बघूच शकलो नाही. पण तपासनिसानं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "'गाडी चालवून दाखवावी' एवढंच आहे. कुठल्या दिशेला ते दिलेलं नाही. चालली. जाऊ द्या हिला." मग तो आणि बाकी सगळे गवतात पसरलेले चषक गोळा करायला धावले. शर्यतीची वेळ झालीच होती. भिंगरीनं गाडी उचलली, एक खणखणीत किक मारली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

शिट्टी झाली आणि सगळ्या गाड्या धुळीत गेल्या. खालून आम्हाला टेकडीवरची फक्त वळणं दिसत होती. पहिल्या वळणापर्यंत भिंगरी शेवटून दुसरी होती. नंतरच्या वळणावर ती मधे आली. पुढे उतार लागला. वळण आलं की सगळे वेग कमी करत होते. भिंगरी करत नव्हती. पाय जमिनीवर घासत, गाडी आडवी करत ती थेट त्यांच्यामधून निघून जात होती. भोंग्यावरून निवेदक किंचाळत होता, "कोण आहे ही मुलगी? हिला भीती म्हणून माहीत नाही!"

"माझी मुलगी आहे," मी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होतो. "इंजिन माझं आहे."

बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. "अहो, ती ओरडतेय काहीतरी."

"जोश!" मी म्हणालो.

"रणगर्जना!" कर्नल म्हणाले.

भिंगरी दुसरी आली. दुसरी! संघात निवड! मी कर्नलना मिठी मारली. निशाणवाल्यानं निशाण हलवलं आणि भिंगरी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली. तंबूच्या बाजूनं गेली, लोक पांगले, मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली. "काय उत्साह आहे बघा!" निवेदक म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिच्या मागे धावलो. रस्त्यापलीकडे बांधकामासाठी टाकलेला वाळूचा मोठा ढीग होता. गाडी अर्धी त्यात घुसलेली होती आणि भिंगरी शेजारी बसून हेल्मेट काढत होती.

"भिंगरे! जिंकलीस! दुसरी आलीस!" मी ओरडलो.

"बाबा," ती म्हणाली, "ब्रेक नव्हते."

"काय?"

"पुढच्या ब्रेकची वायर पहिल्याच उतारावर तुटली. मागचा दाबला तर पाय खाली टेकला. ब्रेक ओढणारा दांडाच नाहीये त्याला. तुम्ही काढला होतात का?"

काढला होता. सायलेन्सर बसेना म्हणून काढला होता. अगदी सांभाळून खिडकीत ठेवला होता. ही माझी एकुलती एक मुलगी, आणि मी तिला बिनब्रेकच्या गाडीवर बसवून टेकडीवरून खाली सोडलं होतं आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या.

"अगं मग गाडी बंद करायची!"

"बंद केली असती तर उतारावर पुन्हा धड किक मारता आली नसती, उलटी फिरली असती. निवड गेली असती."

"खड्ड्यात गेली निवड! थांबायचं तरी!" माझा आवाज चिरकला. "थांबली का नाहीस तू?"

तिनं हेल्मेट वाळूत ठेवलं. "बाबा, थांबू कशाने?"

मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिला कुठे लागलंय का ते बघत राहिलो. काही लागलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी ती माझा हात दाबून घाईघाईनं म्हणाली, "आईला सांगू नका हं. पुन्हा कधी बसू द्यायची नाही. आणि बाबा, इंजिन झकास आहे. खरंच."

तेवढ्यात बायको धापा टाकत पोचली. तिनं आधी मुलीला जवळ घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "दोघं असे पांढरेफटक का पडलात?"

"आनंदानं गं आई," भिंगरी म्हणाली.

"बरं. मी म्हटलं, काय झालं आणि काय नाही." बायकोनं कपाळ पुसायला पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्या बरोबर एक लांब लोखंडी दांडा बाहेर आला. "अहो, निघताना हे खिडकीत दिसलं. गाडीचं असेल, लागेल म्हणून बरोबर घेतलं. तिथे तुम्ही ते मागे मागे जायला लागलात, त्या गडबडीत विचारायचं राहूनच गेलं. कुठे लागतं का हो हे?"

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी तो दांडा बायकोच्या हातातून घेतला आणि तिथेच वाळूत खाली बसलो.